लहान मुठीची वादी

४ मार्च

प्रिय बाळ,

तुझं पाकीट उघडताना माझ्या अंगठ्याचं नख मुळापासून मोडलं, याची इतिहासानं नोंद घ्यावी. पाकिटाला चिकटपट्टी लावायची असते रे, पाकीट चिकटपट्टीत पुरायचं नसतं. आधी नखानं प्रयत्न केला, मग कात्रीनं, शेवटी रापी काढली. म्हशीच्या पाठीचं चामडं जी रापी लोण्यासारखं तासते, ती तुझ्या पाकिटापुढे दोनदा घसरली. आणि आत काय? सव्वा पान! विमा कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस सव्वा पानाचाही असा बंदोबस्त करतो, हे मला आज कळलं.

मजकूर वाचला आणि नखाचं दुःख विसरले. तुझ्या नवव्या वाढदिवसाला बाबांनी स्वतः शिवून दिलेली चामड्याची वादी तुला हवी आहे. तुझ्या छोटूला पाच एप्रिलला नववं संपतं, त्याला ती भेट द्यायची आहे.

आहे माझ्याकडे. बाबांचं दुकान माझ्या गळ्यात पडलं तेव्हा त्यातलं सगळंच पडलं: शिलाई यंत्र, बुडीत गिऱ्हाइकं, बकलांच्या डब्यातला गंज, आणि खालच्या खणात ती. पण बाळ, नऊ वर्षांच्या पोराला लोक चेंडू देतात, दुर्बीण देतात, फारच हौस असेल तर बाजाची पेटी देऊन शेजाऱ्यांचा सूड घेतात. वादी घोड्याला लागते. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर घोडा नसावा असा माझा अंदाज आहे.

कशाला हवी आहे ते सरळ लिही. फोन करू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला एकमेकांच्या नरडीशी येतो. कागदावर निदान पान उलटेपर्यंत उसंत मिळते.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,

अक्षराकडे दुर्लक्ष कर. मागचं पत्र टाइप करून घेतलं होतं, हे डाव्या हातानं लिहितो आहे. न्हाणीघरात पाय घसरला, उजवा हात मोडला, बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टर आहे. काळजीचं कारण नाही.

तू प्रत्येक गोष्टीची टिंगल करतेस, पण सगळ्यांना तुझ्यासारखं एकट्यानं राहून शहाणपण पाजळता येत नाही. आम्हाला संसार आहे. बाबांनी आयुष्यात मला हातानं बनवून दिलेली ती एकच वस्तू. वडिलांची आठवण मुलाकडे जावी, यात घोडा कुठून आला?

आणि खरं सांगायचं तर घराला वळण राहिलेलं नाही. थोरली चौदाची झाली, तोंडाला तोंड देते. तिची आई तिलाच पाठीशी घालते. मी हा असा जायबंदी. छोटूला जबाबदारीची जाणीव व्हायला हवी. मला त्याच वयात झाली. बाबा कडक होते म्हणून मी आज माणसांत आहे.

पार्सलनं पाठव. चिकटपट्टी तुझ्या सोयीनं लाव.

बाळ


१५ मार्च

बाळ,

वादी खणातून काढून समोर ठेवली आहे. तुझ्यापेक्षा मला चामडं जास्त कळतं, तेव्हा आधी वस्तूचं वर्णन करते. हातभर लांब, दुपदरी, दोन्ही कडांना मेणदोऱ्याची शिवण. इतके बारीक टाके मला आजही जमत नाहीत. मुठीला मऊ बकऱ्याचं कातडं. मी ती मूठ हातात धरली. माझी दोन बोटं बाहेर राहिली.

विचार कर जरा. ज्याला तू ‘बाबांचा कडकपणा’ म्हणतोस, त्याची मूठ बाबांच्या हाताला लहान का?

तू विसरला असशील तर आठवण करून देते. त्या वर्षी एका घोड्यानं बाबांना लाथ घातली. उजवा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसला नाही. टाके घालता यायचे, जेवता यायचं. हात तेवढा वर जात नव्हता. आणि ज्याचा हात वर जात नाही, असा पुरुष आपल्या घरात बेकारच की! मग बाबांनी जे कुठलाही कारागीर करतो तेच केलं. हाताखाली माणूस नेमला.

तुला दुकानात बोलावून दोऱ्यानं तुझ्या मुठीचं माप घेतलं. तू मला येऊन सांगितलंस, “ताई, हातमोजे मिळणार!” तुला रंगपेटी हवी होती, पण हातमोजेही चालणार होते. वाढदिवसाला खाकी कागद सोडलास आणि तुझं तोंड पाहून मलाच रडू आलं.

त्याच संध्याकाळी आईनं बाबांना हात धुवायला दिलेलं पाणी कोमट निघालं. बाबा खुर्चीत बसले, आईला भिंतीशी उभं केलं आणि तुला म्हणाले, “मार.” तू हवेत मारलीस. “अजून.” तू पदरावर मारलीस. “अजून.” बाबा बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. चामडं कुठं आणि कसं पडलं हे त्यांना आवाजावरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी मी तुला माळ्यावर नेऊन शिकवलं: मनगट सैल सोड, वादी सपाट पाड, आवाज मोठा होतो, लागतं कमी. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, “आवाज पोकळ येतोय. कड लाव.” तू कड लावलीस. आईच्या पोटरीचं मांस उघडं पडलं. मी मध्ये गेले, तर पुढचा कानावर. तो कान आजही निम्म्या कामाचा आहे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी तोच पुढे करते, तेवढाच उपयोग.

तू मारताना रडत होतास, बाळ. नाकातून पाणी, तोंडातून लाळ, आणि हात चालू. तुझ्यावर माझा राग नाही. नऊ वर्षांच्या पोरावर कसला राग धरायचा? पण अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस हात मोडून बसतो, पोराला नववं संपत आलेलं असतं, आणि त्याला नेमकी हीच भेट सुचते, त्या माणसाची मला भीती वाटते.

वादी मिळणार नाही.

आणि न्हाणीघरात घसरलेल्या माणसाचा हात कुठे मोडतो, मनगटात की दंडात? सहज विचारलं.

ताई


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र मी फाडलं. हे सगळं तू तिखटमीठ लावून रचलं आहेस. मार मी खाल्लेला आहे. माझं अंथरूण बाराव्या वर्षापर्यंत ओलं व्हायचं, ते काय मी दुसऱ्याला मारत होतो म्हणून? मला आठवतं ते हेच, की बाबांनी मला जवळ घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आता तू माझा उजवा हात.” माझ्याशी ते असं एरवी कधी बोलले होते? तुला दुकान मिळालं. मला ते एक वाक्य आणि ती वादी.

हात कसा मोडला याच्याशी तुला कर्तव्य नाही.

वस्तू माझी आहे. नाही पाठवलीस तर मी येऊन घेईन. आणि एवढ्याउपर द्यायची नसेल तर ठेव उरावर. इथे पट्ट्यांचा दुष्काळ नाही.

बाळ


२४ मार्च

ताई,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा हे पाहून दचकाल. मी तुमची वहिनी. तुमचं पत्र यांनी फाडलं, पण कचऱ्याची बादली मीच रिकामी करते. तुकडे जुळवून वाचलं.

यांचा हात मी मोडला.

ते थोरलीला केसांना धरून स्वयंपाकघरातून बाहेर ओढत होते. ती मैत्रिणीकडून उशिरा आली होती, एवढंच. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं तो आवाज मी ऐकला. मी इस्त्री करत होते. हातात इस्त्री होती. ती तशीच गरम यांच्या दंडावर घातली, एकदा नाही, हाड बोलेपर्यंत. मग मीच रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांना न्हाणीघराचं मीच सांगितलं. डॉक्टर भाजलेल्या कातडीकडे बघत म्हणाले, “न्हाणीघर फारच तापलेलं दिसतंय.” पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

मला वाटलं, संपलं आता. पण आठवड्यानं हे खुर्ची घेऊन बसले आणि छोटूला हाक मारली. थोरलीला समोर उभं केलं. “बहिणीच्या थोबाडीत मार.” त्यानं गालाला नुसता हात लावला. “अजून.” मी मध्ये पडले तर म्हणाले, “तू पुढे आलीस तर मोजणी पहिल्यापासून.” आता रोज होतं. पोरगा जेवत नाही. झोपेत हात झाडतो.

तुमच्याकडे तेव्हा हे कसं थांबलं, एवढं सांगा. तुमच्या आईंनी काय केलं? उत्तर घरी पाठवू नका, मागे लिहिलेला पत्ता माझ्या शिवणवर्गाचा आहे.

वहिनी


२७ मार्च

प्रिय वहिनी,

आईनं काहीही केलं नाही. सणकून आजारी पडायची, तेवढी सुट्टी. ते थांबलं नाही. बाळची मूठ मोठी झाली, वादीत मावेना, तेव्हा बाबांनी ती खणात टाकली आणि त्याला मोठा पट्टा दिला. पुढे तो नोकरीला गेला आणि बाबांना बढती नाकारलेल्या कारकुनासारखं आयुष्य काढावं लागलं. मेले तेव्हा खुर्चीतच होते. खुर्ची मी भंगारवाल्याला फुकट दिली. तो म्हणाला, चांगली आहे की! म्हटलं, म्हणूनच.

तेव्हा आमच्याकडून शिकण्यासारखं काही नाही. तूच शिकवलंस. आमच्या घरात तीन बायामाणसं होती, आई, आजी आणि मी, आणि इस्त्रीही होती. कोळशाची होती, चांगली जड. ती उचलावी हे आम्हा तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. एकीत मी असते, दुसरीत चामड्याचे गठ्ठे. गठ्ठे खाली हलवते. वास येईल, त्याला इलाज नाही. चार दिवसांनी नाकच हार मानतं. मुलांना घेऊन ये. पेट्या भरू नकोस, पेट्या दिसतात. शाळेचे दाखले मागाहून बघू.

पाच तारखेच्या आत ये. वादी इथे आहे, पण त्याच्या कमरेला पट्टा आहेच.

ताई


शुक्रवार

प्रिय आत्या,

मी छोटू. तू मला जे पाठवणार आहेस ते पाठवू नको. बाबा म्हणतात ते आजोबांनी केलं आहे आणि माझ्या हातात बरोबर बसेल. आणि आलं की दोन्ही हातांनी घ्यायचं आणि थँक्यू म्हणायचं.

आता बाबा मला उशीवर पट्ट्यानं सराव करायला लावतात. उशी फाटली. बाबा हसले आणि शाब्बास म्हणाले. ते मला शाब्बास म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. हे आमच्या ताईला सांगू नको.

ताईनं मला एक युक्ती शिकवली आहे. मनगट असं सैल सोडायचं, मग आवाज खूप होतो पण तिला कमी लागतं. ती म्हणते तू जोरात मारतोस असं तोंड कर. मी तोंड करतो. पण कधी कधी तोंड करता करता खरंच जोरात बसतं.

मला वाढदिवसाला काहीच नको.

छोटू


९ एप्रिल

बाळ,

तुझा वकील म्हणतो, आपण एकमेकांना पत्र लिहू नये. वकिलाला आपल्या घराण्याची रीत माहीत नाही. हे शेवटचं समज.

पाच तारखेला काय झालं ते तू तुझ्या तक्रारीत लिहिलं आहेस: ‘बहिणीनं चामड्याच्या वादीनं अमानुष मारहाण केली.’ खरं आहे. मी ठाण्यात जाऊन तेच सांगितलं. फौजदार म्हणाला, “बाई, आधी वकील तरी बघा.” म्हटलं, “वकील नंतर, आधी लिहून घ्या. आणि या आधीचंही लिहून घ्या, पान पुरणार नाही.” वहिनीनं आणि थोरलीनंही लिहून दिलं. इस्त्रीसकट. पण तुझ्या कागदात मधलं काही नाही, ते मी इथे लिहिते, कारण ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

तू दुपारी आलास. गळ्यात अडकवलेला हात, इस्त्रीचा शर्ट. वहिनी मुलांना घेऊन तीन दिवसांपूर्वीच आली होती; सगळी खालीच होती. मी बॅगेचा बंद शिवत होते. तू सरळ बाकाकडे आलास. वादी बाकावरच पडली होती. ती कापायला मी सकाळपासून दोनदा रापी घेतली होती आणि दोन्ही वेळा ठेवून दिली. शिवण फार सुंदर आहे रे. चांगलं काम कापायला कारागिराचा हात धजत नाही. ही माझी चूक, आणि ती फक्त आपल्याच घरातलं माणूस करू शकतं.

तू ती डाव्या हातानं उचललीस आणि छोटूपुढे धरलीस. “घे. वाढदिवसाची भेट. आजोबांची.” त्यानं दोन्ही हातांनी घेतली. थँक्यू म्हणाला. मी पाहिलं, त्याच्या मुठीत ती अशी बसली जणू त्याचंच माप घेतलं होतं.

मग तू स्टूल ओढून बसलास. आमच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. वहिनीकडे बोट दाखवलंस. “हिनं तुझ्या बाबांचा हात मोडला. मार.”

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण तो शब्द ऐकला आणि मी पन्नाशीची बाई नव्हतेच. मी भिंतीशी उभी होते.

छोटूनं मारलं. मनगट सैल सोडून, सपाट. दुकान दणाणलं. वहिनीच्या हातावर नुसता लाल पट्टा उठला. तेवढ्यावर निभलं असतं, बाळ. कुणीही बाप फसला असता. पण तू डोळे मिटलेस, आणि म्हणालास, “आवाज पोकळ येतोय. कड लाव.”

माझं पत्र तू फाडलंस, रचलेलं आहे म्हणालास. मग ते वाक्य तुझ्या तोंडात त्याच सुरात कुठून आलं?

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वादी माझ्या हातात होती. मूठ लहान, म्हणून मी ती टोकापर्यंत आवळली होती. पहिला तुझ्या तोंडावर, कड लावून. गाल फाटला ते मला दिसलं. तू हात वर केलास तर हातावर. प्लास्टरवर इतके की त्याचा चुना झाला. तू स्टुलावरून पडलास, ठोकळ्यावर डोकं आपटलं, आणि मी पाठ बघून मारत राहिले. मला दम लागला नाही. हात भरून आला नाही. खोटं कशाला लिहू, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तू ओरडत होतास ते माझ्या चांगल्या कानात स्वच्छ येत होतं, आणि मी वाट बघत होते पुढच्याची.

आवाज ऐकून शेजारचा किल्लीवाला धावत आला आणि मध्ये घुसला. मी त्यालाही एक ठेवून दिली, न बघता.

आणि मग माझ्या मागून छोटू म्हणाला, “अजून.”

रडत नव्हता. हसतही नव्हता. जसं कुणी पाणी मागतं तसं.

“अजून, आत्या.”

माझा हात तिथेच राहिला. मी वळून पाहिलं. पोरगं सरळ उभं होतं आणि त्यानं डोळे मिटले होते.

तू जमिनीवर होतास, तुला ते ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. म्हणून हे पत्र. तुझे टाके निघतील, हाड जुळेल, निकाल काय लागायचा तो लागेल. मला शिक्षा झाली तर वहिनी दुकान बघेल, तिचा हात शिवणाला चांगला आहे. पण बाबांची भेट त्या दिवशी छोटूला पोचली, आणि ती तू दिलीस तेवढीच मीही दिली. ती परत कशी घ्यायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. रोज त्याच्याजवळ बसते. परवा म्हणाला, “आत्या, तू का थांबलीस?” मी म्हटलं, “घाबरले.” “बाबांना?” म्हटलं, “नाही रे, मला.” मग विचारलं, “मी पण घाबरू का मला?” म्हटलं, “थोडासा. आपण दोघं मिळून.” त्यावर तो जेवला.

बाबांची कलाकृती ठाण्यात आहे, गळ्यात चिठ्ठी बांधून, मुद्देमाल म्हणून. तिथला हवालदार टाके बघून म्हणाला, “काय काम आहे हो!”

आज दुपारी मी दुकान थोडं लवकर बंद केलं. त्या दिवशी मध्ये पडला तेव्हा किल्लीवाल्याच्या चष्म्याचा चुराडा झाला. गेले चार दिवस तो किल्ल्या नाकाला लावून कानस घासतो आहे. मी विचारलं तर म्हणाला, “राहू द्या हो ताई, जुनाच होता, मीच नीट बघितलं नाही.” मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेले, त्याचा नंबर त्यांच्याकडे होता, त्यालाच शोभेल अशी काळी फ्रेम निवडली, पैसे भरले, आणि सांगून आले की तो आला तर म्हणावं, हिशेब झालेला आहे. कुणी केला ते सांगू नका.

ताई